सोप्या कॉर्ड्सची लाज कशाला?

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एक वाचक, वय 47, शाळेत शिक्षिका. लहानपणी गाणं आणि पेटी शिकल्या, गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या. लग्नानंतर सगळं सुटलं. मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि सहा वर्षांपूर्वी त्याच्यासाठी घेतलेली स्टीलच्या तारांची गिटार घरी राहिली. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी ती हातात घेतली. आता ई मायनर, ए मायनर, सी, जी अशा चार-पाच कॉर्ड्स (एकदम वाजवायचे सुरांचे गट) येतात. पण एकीवरून दुसरीवर जाताना गाणं थांबतं, बोटांची टोकं दुखतात आणि एफ ही कॉर्ड काही केल्या वाजत नाही. मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, एफ आल्याशिवाय गिटार आली असं म्हणत नाहीत. सोपे शेप आणि कॅपो म्हणजे चीटिंग." (कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा, सूर चढवणारा चिमटा.) गुरुजींसमोर वर्षभर नुसते अलंकार घोटलेल्या या बाईंना ते पटलंही. येत्या वैशाखात आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे, हातात सहा महिने आहेत. त्या दिवशी आईच्या आवडीचं एक भावगीत स्वतः गिटार वाजवत गायचं मनात आहे. त्या विचारतात: पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर क्लासला बसू, युकुलेले घेऊ, की हा नाद सोडून पेटीकडे परत जाऊ?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात शेवटाकडे एक वाक्य सहज लिहिल्यासारखं आलं आहे. "ट्यूनरवर सगळ्या तारा बरोबर दाखवतात, तरी सी वाजवली की आत काहीतरी चढं लागतं, मला बहुतेक कानच उरला नाही." बाकीचं सगळं बाजूला ठेवून मी आधी यालाच उत्तर देतो, कारण नाद सोडायचा विचार तुमच्या मनात एफमुळे आलेला नाही, या वाक्यामुळे आला आहे असं मला वाटतं.

तुमचा कान शाबूत आहे. तुम्हाला जे चढं लागतं ते खरंच चढं आहे. तंबोरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो तुमच्या कानात लहानपणी बसलेला आहे. सप्तकाचे 1200 बारीक भाग, म्हणजे सेंट, धरले तर तो गंधार साधारण 386 सेंटवर असतो. गिटारचे फ्रेट, म्हणजे मानेवर धातूच्या पट्ट्यांनी पाडलेली घरं, मात्र सप्तकाच्या बारा सारख्या भागांत बसवलेले, म्हणून तिचा गंधार 400 वर. म्हणजे 14 सेंट चढा. आजच्या बहुतेक पेट्यांवरही हीच तडजोड असते, पण पेटीवर तुम्ही गाण्याच्या मागोमाग एकेक सूर धरत होतात. सी कॉर्डमध्ये सा आणि ग एकाच वेळी, तेही दोनदोनदा वाजतात, त्यामुळे ती फट उघडी पडते. पाच महिने गिटार वाजवणाऱ्या बहुतेकांना हे जाणवतसुद्धा नाही. तुम्हाला जाणवलं, आणि तुम्ही त्यातून स्वतःला कान नाही असा निष्कर्ष काढलात! ताई, हा निष्कर्ष आधी मागे घ्या.

त्या चढेपणाला आणखी एक कारण असू शकतं, आणि त्याचा संबंध तुमच्या दुखऱ्या बोटांशी आहे. तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर त्या दाबताना ताणल्या जातात आणि सूर चढतो. बोटांना त्रास आणि कानाला त्रास, दोन्हीचं मूळ एकच असू शकतं.

म्हणून पुढचं काही करण्याआधी गिटार तपासून घ्या. घरातली एटीएम कार्डं किंवा तशीच इतर कार्डं गोळा करा, उठावाचे आकडे नसलेली सपाट. असं कार्ड 0.76 मिलिमीटर जाड असतं. गिटार मांडीवर आडवी ठेवा, बारावा फ्रेट शोधा (तिथे बहुधा दोन ठिपके असतात) आणि सगळ्यांत जाड तारेखाली, त्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर कार्डांची चळत सरकवा. तीन कार्डं तारेला जेमतेम टेकत असतील तर उंची ठीक आहे. चार कार्डं सुद्धा आरामात आत गेली, तर ती गिटार नवशिक्याच काय, मुरलेल्या वादकाच्याही बोटांचा जीव काढेल. दुसरी तपासणी मानेच्या टोकाशी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या पट्टीवर तारेखाली किती फट उरते ते बघा. कागद जाईल इतकीच उरायला हवी. त्याहून जास्त असेल तर तारा ज्या खाचांतून येतात त्या खाचा उंच आहेत, आणि मग पहिल्या फ्रेटवरची प्रत्येक कॉर्ड जड जाते. एफ पहिल्याच फ्रेटवर असते हे आता लक्षात घ्या.

मी हे इतक्या पोटतिडकीने सांगतोय कारण मी स्वतः यात आठ महिने घालवले आहेत. कॉलेजात असताना पैसे साठवून एका दुकानातून गिटार घेतली. दुकानदाराने ती खोक्यातून काढून तशीच हातात दिली. रोज रात्री डाव्या हाताची बोटं गार पाण्यात बुडवून बसायचो आणि समजायचो की गिटारसाठी लागणारे हात देवाने आपल्याला दिलेले नाहीत. मग एका ओळखीच्या वादकाने ती गिटार डोळ्यासमोर धरून मानेच्या रेषेत पाहिली, एक शब्द न बोलता तारा सैल केल्या, वरच्या खाचा बारीक कानशीने उतरवल्या, खालची हाडाची पट्टी काढून घासली. अर्ध्या तासाचं काम. त्याच संध्याकाळी माझी ए मायनर पहिल्यांदा सगळ्या तारांवर स्वच्छ वाजली. मला आनंद झालाच, पण त्या आठ महिन्यांचं वाईट जास्त वाटलं.

तुम्ही तर मिरजेच्या शेजारच्या. सतारमेकर गल्लीतून जवारी काढल्याशिवाय कुणी तंबोरा घरी नेत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. गिटारचंही तेच आहे; ती लावून घ्यावी लागते, तिला सेटअप म्हणतात. ही गिटार सहा वर्षं जुनी, त्यातले किती पावसाळे ती कव्हरमध्ये उभी होती कोण जाणे. तारा गंजलेल्या असतील तर बोट सरकवताना खरखर लागेल आणि टोकं काळी होतील. नव्या तारा टाकताना दहा नंबरचा सेट मागा, म्हणजे ज्यात सर्वांत बारीक तार 0.010 इंचाची असते. अशा गिटारला बऱ्याचदा बाराचा सेट असतो. दहाचा त्याहून बराच नरम पडतो. आवाज थोडा लहान येईल, घरात गायला पुरेसा आहे. हे वाचून ज्यांच्या घरी नायलॉन तारांची क्लासिकल गिटार आहे त्यांनी मात्र तिला स्टीलच्या तारा कधीही चढवू नयेत. तो ताण त्या गिटारला पेलत नाही, खालचा ब्रिज उखडून येतो.

आता तुमच्या मुलाच्या बोलण्याकडे येतो. तो चुकीच्या हेतूने बोलला असं मला वाटत नाही. गिटार शिकणारी मुलं एकमेकांना हेच सांगतात, एफ हा त्यांच्यातला उंबरठा असतो. पण "सोपे शेप म्हणजे चीटिंग" या वाक्यात एक समजूत दडलेली आहे, आणि तुमच्या गुरुजींच्या शिस्तीमुळे ती तुम्हाला लगेच पटली. समजूत अशी, की जे बोटांना अवघड ते संगीतात वरचं. तुम्हीच आठवून पाहा, गुरुजींनी पहिला राग कोणता दिला? बहुतेकांना भूप किंवा यमन देतात. भूपात पाचच सूर, एकही कोमल-तीव्र नाही. तो सोपा म्हणून देतात, हलका म्हणून नाही, आणि मोठमोठे गवई आयुष्यभर तो गातात.

कॅपोचंही तसंच. तुम्ही काळी चारवर गात असाल आणि समोरच्या पेटीवाल्याची पेटी स्केल चेंजर असेल, तर तो बाजूची कळ सरकवून आपल्या सवयीच्या पट्ट्यांवर तुमची साथ करतो. त्याला आजवर कुणी चीटर म्हटलेलं मी ऐकलं नाही. कॅपो म्हणजे तेच. गळ्याला सोयीचा सूर एकीकडे आणि बोटांना सोयीचे शेप दुसरीकडे, त्यांची गाठ घालून देणारा चिमटा. शिवाय कॅपो लावला की तारा तिथे दाबल्या जाऊन जरा खाली येतात आणि त्या उंच खाचांचा प्रश्नही बाजूला पडतो. म्हणून बोटं दुखणाऱ्यांना मी पहिल्या महिन्यापासून कॅपो लावून सरावाला बसवतो.

तुमच्यासारख्या पेटी येणाऱ्या वाचकांसाठी हिशोब लिहून ठेवतो. जीच्या शेपमधला सा म्हणजे पांढरी पाच. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा, झाली काळी चार. तिसऱ्यावर लावा, काळी पाच. पुरुषांपैकी काळी एकवर गाणाऱ्यांनी सीचे शेप घ्यावेत आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर. पांढरी दोनसाठी दुसऱ्यावर. बास, एवढ्यात घरातल्या बहुतेक गळ्यांची सोय होते.

खरी अडचण, म्हणजे कॉर्ड बदलताना गाणं थांबणं, त्याबद्दल जरा सविस्तर बोलू. तुम्ही लिहिलंय की प्रत्येक कॉर्ड वेगवेगळी वाजवली तर छान वाजते. म्हणजे कॉर्ड्स तुम्हाला येतात. जे येत नाही ते दोन कॉर्ड्सच्या मधलं. व्हिडिओंमध्ये कॉर्ड चित्रासारखी दाखवतात, ठिपके कुठे ते बघा आणि बोटं तिथे ठेवा, त्यामुळे शिकणारा दर वेळी सगळी बोटं उचलतो आणि नवं चित्र पहिल्यापासून काढायला घेतो.

गिटार घ्या आणि ए मायनर धरा (सगळ्यांत बारीक तार पहिली, सगळ्यांत जाड सहावी). तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. आता सीवर जायचंय. थांबा, हात उचलू नका. तर्जनी आणि मधलं बोट जिथे आहेत तिथेच सीमध्येही लागतात. फक्त अनामिका तिसरी तार सोडून पाचव्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटला जाते. एक बोट. आणि असं का होतं हे तुम्हाला कुणीही समजावण्याची गरज नाही. पांढरी एकला सा माना. सी म्हणजे सा ग प. ए मायनर म्हणजे ध सा ग. दोन्हींत सा आणि ग समाईक. तर्जनीखाली जो सूर आहे तो सा, मधल्या बोटाखाली ग. न हलणारी दोन बोटं म्हणजे ते दोन समाईक सूर. मेजर-मायनर या शब्दांनी गोंधळू नका. सा, शुद्ध ग, प असेल तर मेजर, सा, कोमल ग, प असेल तर मायनर, आणि ए मायनर तिच्या स्वतःच्या सा पासून मोजली तर तेच निघेल. गांधर्वच्या परीक्षा दिलेल्या माणसाला कॉर्डचं व्याकरण आधीच येत असतं, त्याला फक्त कुणी तसं सांगितलेलं नसतं.

आता तुमच्या गाण्याकडे. कोणतं भावगीत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण "भूपासारखं आहे, दादऱ्यात आहे" असं लिहिलंत, तेवढं मला पुरे आहे. उलट ते वाचून मला फार बरं वाटलं, कारण भूपासाठी गिटारवर तीन असे शेप आहेत की ते शिकताना शेवटची दोन बोटं एकदा ठेवली की गाणं संपेपर्यंत उचलावीच लागत नाहीत.

अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. ही दोन खुंट्यांसारखी ठेवून द्या. मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आणि तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला ठेवली की जी. हा तुमचा सा ग प. आता तर्जनी तिथेच राहू द्या आणि फक्त मधलं बोट उचलून चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला न्या. झाली ई मायनर सेव्हन, म्हणजे ध सा ग आणि वर प. तिसरी कॉर्ड डी सस फोर: मधलं बोट मोकळं सोडा, तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला ठेवा, आणि चौथ्या तारेपासून खालच्या चारच तारा छेडा. यात सूर निघतात प, रे, प, सा. साधी डी घेतली असती तर तिच्यात नी आला असता आणि भूपात नी नाही; आलापात तो खटकला असता. या तिसऱ्या कॉर्डमुळे तो टळतो. सगळे मिळून सा रे ग प ध. एकही सूर रागाबाहेरचा नाही. गाणं मधेच एखादा म किंवा नी घेत असेल, भावगीतं घेतात, तर तेवढ्यापुरती साधी सी किंवा साधी डी वापरा, त्या तुम्हाला येतातच.

आणि बघा, या पट्टीत म ध सा ही कॉर्ड म्हणजे साधी सी आहे. ज्या एफने तुम्हाला पाच महिने रडवलं ती सीच्या पट्टीत म ध सा असते. जीच्या पट्टीत गायलात तर तिचं कामच नाही.

आधी गाणं घेऊ नका. काळी चारसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जी आणि ई मायनर सेव्हन आलटूनपालटून वाजवा, आणि वर नुसते भूपाचे अलंकार म्हणा. सा रे ग, रे ग प, ग प ध. बोटं नवी आणि गळा ओळखीचा, अशी जोडी लावली की गळा बोटांना ओढून नेतो. माझ्याकडे आलेल्या गाणं शिकलेल्या मंडळींना या एका गोष्टीने जितका फायदा झाला तितका दुसऱ्या कशानेही झालेला मी पाहिला नाही.

दादरा हातात आणायला उजव्या हाताला एवढंच शिकवा: धा धी ना, धा ती ना म्हणत जा, धाला फक्त जाड तार अंगठ्याने, धी, ती आणि ना ला खालच्या तीन तारा बोटांच्या मागच्या बाजूने हलक्या. कॉर्ड बदलायची असेल तर डावा हात समेची वाट बघत थांबत नाही. तो शेवटच्या ना वरच निघतो. त्या क्षणाला तारा मोकळ्या वाजतील. वाजू द्या. ऐकणाऱ्याला ते कळत नाही, पण समेवर कॉर्ड चुकली किंवा गाणं थांबलं तर लगेच कळतं. कॉर्ड अर्धवट लागली तरी ताल सोडू नका. शाळेत कविता म्हणताना एखादा शब्द विसरलेलं मूल पुढच्या ओळीत सामील होतं, तसं सामील व्हा.

प्रगती मोजायची असेल तर घड्याळ लावून एका मिनिटात जीवरून ई मायनर सेव्हनवर किती वेळा गेलात ते मोजा, रोज एकदाच, आणि कॅलेंडरवर आकडा लिहा. मिनिटाला 30 बदल जमायला लागले की दादऱ्यातलं संथ गाणं अडत नाही. सुरुवातीला 8 किंवा 10 होतील. सकाळी शाळेच्या आधी 15 मिनिटं आणि रात्री 15 मिनिटं हे रविवारच्या दोन तासांपेक्षा कितीतरी बरं, कारण बोटांच्या टोकांची कातडी रोजच्या थोड्या दाबाने घट्ट होते आणि एका दिवसाच्या अतिरेकाने सोलते. तीनचार आठवडे सलग गेले की टोकांचं दुखणं बरंच कमी होतं. डाव्या हाताची नखं अगदी कापलेली हवीत. बोट फ्रेटच्या पट्टीला खेटून, तिच्या जरा अलीकडे ठेवा. दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवलं तर दुप्पट जोर लावूनही तार बुजकी वाजते. आणि गिटार कव्हरमधून बाहेर काढून ठेवा, उन्हापासून लांब, पण जाता-येता हाताला लागेल अशी.

दुखण्यात फरक करा. टोकं दुखणं ठीक. मनगट, अंगठ्याचं मूळ किंवा कोपर दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर त्या दिवशी थांबा, आणि ते राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर जोर काढून वाजवण्यात कसलीही तपश्चर्या नाही. तुम्ही पेटीच्या सवयीने सतरंजीवर मांडी घालून बसता असं लिहिलंय, तिथेही थोडी गडबड आहे. तशा बैठकीत गिटारची मान खाली झुकते आणि डावा हात कॉर्ड धरण्याऐवजी गिटारचं वजन धरत बसतो. हात नसलेली खुर्ची घ्या, डाव्या पायाखाली जेवायचा पाट ठेवा, गिटार डाव्या मांडीवर घ्या म्हणजे मान वर येईल. लहान हातांच्या बऱ्याच तक्रारी या पाटाने मिटतात.

एफ शिकायचीच असेल तर शिका, मी अडवत नाही. वैशाखानंतर. तेव्हाही थेट पहिल्या फ्रेटवर जाऊ नका, तिथे तार सगळ्यांत ताठ लागते. तोच शेप पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे त्याची ए होते आणि तो निम्म्या जोरात वाजतो. मग आठवड्याला एकेक फ्रेट खाली या. तारांवर आडवी पडणारी तर्जनी सपाट न ठेवता किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती ठेवा, म्हणजे मांसल भागाऐवजी हाडाची कड तारांवर येते. मधल्या काळात कुठे गरज पडली तर एफ मेजर सेव्हन आहे: सी धरून अनामिका आणि मधलं बोट एकेक तार खाली सरकवा, तर्जनी जागेवर, आणि खालच्या चारच तारा वाजवा. पण एक प्रामाणिकपणे सांगतो, ही एफची सोपी आवृत्ती म्हणून शिकवतात ते तितकंसं खरं नाही. हिच्यात म ध सा बरोबर ग पण वाजतो, ही वेगळीच कॉर्ड आहे. हुरहुर लावणाऱ्या गाण्यात ती एफपेक्षा सुंदर लागते, मोकळ्या आनंदी गाण्यात म आणि ग एकमेकांना घासतात. कुठे चालते ते तुमचा कान सांगेल, तो शाबूत आहे हे आपलं ठरलंच आहे.

राहिले तुमचे तीन पर्याय. क्लासला जायला हरकत नाही, पण पंधरा वर्षांच्या मुलांच्या तुकडीत त्यांच्या वेगाने आणि त्यांच्या गाण्यांवर चालावं लागेल, तिथे तुम्ही तीन महिन्यांत कंटाळाल. त्याऐवजी कुणाकडे महिन्यातून दोनदा एकट्याने जा, जाताना तुमचं गाणं घेऊन जा आणि आधीच विचारा, "मला हे गाणं माझ्या पट्टीत बसवून द्याल का?" हो म्हणतील ते तुमचे मास्तर. परीक्षांच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. गिटारच्याही श्रेणी परीक्षा असतात, आणि परीक्षेची सवय असलेल्या माणसाला त्यांचा मोह होतो, हे मी पाहिलं आहे.

युकुलेले वाईट नाही. चार नायलॉनच्या तारा, सीला एक बोट, ए मायनरला एक, एफला फक्त दोन. ज्यांची बोटं सांधेदुखीने आखडलेली आहेत त्यांना मी तेच सुचवतो. पण तुम्ही पत्रात लिहिलंय की जाड तार नुसती छेडली तरी छातीत घुमल्यासारखं वाटतं, गुरुजींच्या तंबोऱ्याची आठवण येते. युकुलेलेत ते घुमणं नाही. त्याच्यासाठी तर तुम्ही ती गिटार कव्हरमधून काढली असावी.

पेटीकडे परत जरूर जा, पण गिटार सोडून कशाला? पेटीवर उजव्या हाताने सा ग प धरून ठेवा आणि ऐका, मग ध सा ग, मग प रे सा. गिटारवर बदल करायच्या आधी तो बदल पेटीवर कानाला दाखवून ठेवला की बोटांना कुठे पोचायचं ते माहीत असतं. रोजच्या 15 मिनिटांतली पहिली दोन याला द्या.

मुलाशी यावर वाद घालू नका, पटवूनही देऊ नका. दिवाळीला तो येईल तेव्हा त्याचा कॅपो मागून घ्या, आणि त्याला भूपाची सरगम म्हणायला सांगा, तुम्ही तीन कॉर्ड्सनी साथ करा. त्याला ती सरगम येत नसेल. तुम्ही शिकवा. एका बैठकीत दोघं एकमेकांचे विद्यार्थी झालात की सोपं-अवघडची भाषा बदलते, निदान माझ्या घरी ती तशी बदलली.

सहस्रचंद्रदर्शनाला एकच गाणं ठेवा. धृपद आणि दोन कडवी. मधलं संगीत वाजवायचा प्रयत्न करू नका, तिथे नुसता जी दादऱ्यात फिरवत राहा. एक महिना आधीपासून साडी नेसून, त्याच खुर्चीवर, दोनतीन माणसांसमोर वाजवून बघा. पदर कॅपोत आणि खुंट्यांत अडकतो, तो आधी पिन करायला शिकावं लागतं. गिटार त्या दिवशी कार्यक्रमाच्या एक तास आधी त्या खोलीत नेऊन ठेवा आणि मगच जुळवा. वैशाखातल्या उन्हात रिक्षातून आणलेली गिटार लगेच जुळवली तर गाण्याच्या मध्यात उतरते किंवा चढते. आणि कॅपो लावल्यावर एकदा पुन्हा ट्यूनर बघा, कॅपो तारा किंचित चढवतो.

पण हे सगळं नंतर. आज संध्याकाळी फक्त ती कार्डं गोळा करा, बाराव्या फ्रेटवर सरकवून बघा आणि किती गेली तो आकडा मला लिहून पाठवा.